हॉलंड नावाचा देश

ऑफिसात त्यांना सगळे चूकभूलसाहेब म्हणत. शाळेचे ॲटलास आणि भिंतीवरचे नकाशे छापणाऱ्या एका कंपनीत ते नावं तपासायचं काम करत. नदीचं नाव नदीच्या वळणाबरोबर वळलं पाहिजे, समुद्राचं नाव तिरप्या अक्षरांत हवं, एका देशाचं शेवटचं अक्षर शेजारच्या देशात घुसता कामा नये, अशा गोष्टी ते डोळ्यांत तेल घालून पाहत. बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ छापलेलं असतं ना, आमचे साहेब नुसती घेतात, देत कुणालाच नाहीत, असं रंगकामाच्या टेबलावरची एक मुलगी एकदा बोलून गेली आणि ते नाव त्यांना जन्माचं चिकटलं. साहेबांच्या कानावर ते आलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट मनातून सुखावले.

ऑफिसात हे शोभून जायचं. पण संध्याकाळी घरी जाताना माणूस आपलं डोकं काही कपाटात कुलूप लावून ठेवत नाही. न्हाव्यानं दाढी करता करता इंग्लंडचा पंतप्रधान बदलला म्हणून सांगितलं, की साहेब तोंडाला साबण असतानाच विचारत, “इंग्लंडचा की ब्रिटनचा?” बायकोची मैत्रीण हौसेनं सांगायची की मुलगी अमेरिकेत असते, तर हे म्हणणार, “अमेरिका म्हणजे दोन खंड झाले. उत्तर की दक्षिण?” मैत्रीण हसायची, पण तिचा चेहरा जरासा उतरायचाच.

“अहो, ती तुम्हाला पत्ता सांगत नव्हती. आनंद सांगत होती,” बायको नंतर म्हणायची.

“आनंदसुद्धा बरोबर सांगावा,” साहेब म्हणायचे, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन पेपर उघडायचे.

त्यांना एकच मुलगी. ती चष्मा बदलायला एका दुकानात गेली आणि तिथे डोळे तपासणाऱ्या मुलाच्या प्रेमात पडली. “नंबर काढायला गेले आणि माझाच नंबर लागला,” असं तिनं आईला सांगितलं. आईनं वडिलांना सांगितलं. साहेबांनी मुलाला एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि त्यांना तो आवडला. कमी बोलायचा, आणि बोलायच्या आधी समोरच्याचं नीट ऐकून घ्यायचा. मग एका रविवारी दुपारी तो आपल्या आईला घेऊन त्यांच्या घरी येणार असं ठरलं.

त्याची आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपडेखात्यात शिवणकाम करायची. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या वेळी घालायचे हिरवे अंगरखे असं सगळं तिच्या मशीनखालून जायचं. नवरा परदेशात गेला आणि तिकडेच वारला, एकटीनं पोराला वाढवलं, एवढं साहेबांच्या घरी माहीत होतं.

बायकोनं सकाळपासूनच बजावून ठेवलं होतं. “आज जरा जिभेला आवर घाला.”

“मी काय बोलतो?”

“तेच म्हणतेय. काहीही बोलू नका.”

विहीणबाई आल्या. अजून ठरलं काहीच नव्हतं, पण दारातच साहेबांनी त्यांना “या, विहीणबाई” म्हटलं आणि त्या हसल्या. शिडशिडीत बाई, इस्त्रीची घडी मोडू नये अशी जपून बसणारी. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पडद्याची शिवण बघितली आणि बायकोला म्हणाल्या, “घरी शिवलेत ना? टाका सारखा आलाय.” त्या एका वाक्यानं दोघींचं जमलं. चहा झाला. बिस्किटं झाली. मुलीच्या लहानपणीच्या खोड्या सांगून झाल्या. साहेब खरोखर गप्प होते. बायकोनं त्यांच्याकडे दोनदा कौतुकानं पाहिलंसुद्धा.

मग मुलगा म्हणाला, “काका, लग्नानंतर आम्ही दोघांनी हॉलंडला जायचं ठरवलंय. बाबा तिथे होते ना, जहाजांच्या गोदीत. मला त्यांचं काही आठवत नाही. निदान ती जागा तरी बघावी असं लहानपणापासून मनात आहे.”

“शाळेत असताना ह्याच्या अंगात कायम तो केशरी टी-शर्ट असायचा,” मुलगी हसत म्हणाली. “त्यांच्या फुटबॉल टीमचा. अजूनही त्यांची मॅच असली की माझा फोन घेत नाही.”

साहेबांच्या ओठांवर वाक्य येऊन बसलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळायचा प्रयत्न केला, पण चहा संपला होता.

“नेदरलँड्सला,” ते म्हणाले.

“काय?” मुलानं विचारलं.

“देशाचं नाव नेदरलँड्स. हॉलंड हा त्याचा एक भाग आहे. बारा प्रांत आहेत त्या देशाचे, त्यांतले दोन हॉलंड. एक उत्तर हॉलंड, एक दक्षिण हॉलंड. बाकीच्या दहांत राहणाऱ्याला हॉलंडचा म्हणणं म्हणजे चुकीचंच. तसं काटेकोर बघायला गेलं तर हॉलंड नावाचा देशच नाही.”

टेबलाखाली बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

“पण काका, मॅचच्या वेळी ते लोक स्वतःच हॉलंड हॉलंड ओरडतात,” मुलगा म्हणाला.

“ओरडणाऱ्यानं ओरडावं. नकाशात तसं लिहिता येत नाही.”

मुलाला राग आला नाही. त्याला मौज वाटली. “म्हणजे बाबा हॉलंडमध्ये होते की नव्हते, हे अजून ठरायचंय म्हणा!”

“सोपं आहे. शहर सांगा, मी प्रांत सांगतो.”

“आई, काय गं नाव त्या शहराचं? तू नेहमी नुसतं बंदर बंदर म्हणायचीस.”

विहीणबाईंनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. “किती वर्षं झाली रे. आता कुठलं आठवायला.”

“आठवेल, आठवेल,” साहेब म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. “पहिलं अक्षर तरी?”

“ते... कोपनहेगन म्हणायचे बहुतेक.”

साहेब हसले. मोठ्यानं हसले. ऑफिसात नवशिक्यानं नदी डोंगरावर चढवली की हसायचे, तसे. “अहो, कोपनहेगन डेन्मार्कमध्ये! देशच बदललात तुम्ही!”

मुलगीही थोडी हसली. मुलगा हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ की नको असं काहीतरी होतं.

“मग तसंच काहीतरी असेल,” विहीणबाई म्हणाल्या. “त्याच बाजूचं.”

“नकाशात तसंच काहीतरी असं गाव नसतं, विहीणबाई.” साहेब उठले, कपाटातून ॲटलास काढला, पान उघडलं आणि कप बाजूला सारून तो टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. “हे बघा. समुद्राला लागून ही सगळी बंदरं. नावं वाचा, म्हणजे आठवेल.”

विहीणबाई वाकल्या, पण नकाशाकडे बघत नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या. त्याचा चेहरा त्या अशा बघत होत्या, जसं कुणी उकळत्या दुधाकडे बघतं आणि गॅसचं बटण हाताला सापडत नाही. साहेबांनी ते पाहिलं. त्यांना लख्ख कळलं की या बाईला शहर आठवत नाही असं नाही. शहरच नाही. या बाईचा नवरा या पानावर कुठेही नव्हता.

कळलं, आणि ते थांबले असते तर गोष्ट तिथे मिटली असती. पान मिटायचं, दुसरा चहा मागवायचा, आणखी काय लागतं? पण चूक सापडली की तिच्याखाली लाल रेघ मारेपर्यंत त्यांच्या हाताला चैन पडत नसे. ती सवय, ती हौस, की आणखी काही, कोण जाणे. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “पत्रं यायची ना त्यांची? पाकिटावर गाव असेलच.”

“हो, आई,” मुलगा म्हणाला. “पत्रं यायची ना? तू वाचून दाखवायचीस मला.”

विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

“पत्रं नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नव्हती म्हणजे?”

“नव्हती. मीच बोलायचे. कागद हातात धरून.”

 मुलगा आईकडे वळला. मग म्हणाला, “आणि ते गेल्याचं? ते कुणी कळवलं?”

“आपण घरी जाऊन बोलू,” विहीणबाई म्हणाल्या आणि उठल्या. दाराशी त्यांनी साहेबांच्या बायकोचे हात हातात घेतले, मुलीच्या गालाला हात लावला. साहेबांना नमस्कारही केला. चपला घालताना त्यांचा तोल गेला, तेव्हा मुलानं नेहमीसारखा पुढे होऊन हात दिला नाही. तो जिना उतरायला लागला होता.

दार लागलं. टेबलावर ॲटलास तसाच उघडा होता. मुलगी वडिलांकडे न बघता तिच्या खोलीत गेली.

“मला काय माहीत असं काही निघेल म्हणून,” साहेब म्हणाले.

बायको कप गोळा करत होती. “माहीत नव्हतं?”

“कसं असणार?”

“मी तुमच्याकडे बघत होते,” ती म्हणाली. “पाकिटाचं विचारलंत ना, त्याच्या आधी. तुमचा चेहरा मी आयुष्यभर बघत आलेय.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

ती कप विसळायला गेली आणि नळ जरा जास्तच मोठा सोडला.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलगी घरात होती, पण वडिलांपुरती नव्हती. ते स्वयंपाकघरात आले की ती बाहेरच्या खोलीत जायची. फोनवर कुजबुजत बोलायची. तिनं एकदा आईला सांगितलं, आणि ते आईनं साहेबांना सांगितलं, ते असं.

विहीणबाईंचा नवरा परदेशात कधी गेलाच नव्हता. मुलगा नुकता चालायला लागला होता तेव्हा तो एका सकाळी कामाला म्हणून गेला आणि दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला लागला. बसनं जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल अशा गावात त्याचं टाइल्सचं दुकान आहे. तो जिवंत आहे. दोन मुली आहेत. मुलाला हे सगळं त्याच रविवारी आईनं सांगितलं, काही हातचं न राखता. दुसऱ्या दिवशी तो रजा काढून त्या गावाला गेला. दुकानात शिरला. काउंटरमागे त्याच्यासारखंच नाक असलेला एक म्हातारा बसला होता. म्हाताऱ्यानं विचारलं, “काय दाखवू? बाथरूमसाठी की स्वयंपाकघरासाठी?” मुलगा म्हणाला, “बाथरूमसाठी.” म्हाताऱ्यानं पाच-सहा नमुने काढून दाखवले, ह्याच्यावर पाय घसरत नाही, ह्याच्यावर डाग पडत नाही, असं बरंच सांगितलं. मुलानं सगळं ऐकून घेतलं, विचार करून येतो म्हणाला आणि बाहेर पडला. आता तो आईशी कामापुरतं बोलतो. लग्नाचं विचारलं की म्हणतो, जरा थांबू.

साहेबांनी हे ऐकलं आणि ताटावरून उठले. हात धुताना आरशात स्वतःचं तोंड दिसलं, तशी नजर वळवली. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, हे त्यांना या वयात कळत होतं. आणि त्यातलं सगळ्यात टोचणारं असं की सगळे त्यांना वेंधळा समजत होते. शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, “अहो, त्यांना काय कल्पना! बोलण्याच्या ओघात होतं असं.” तो बचाव त्यांना चपलेसारखा लागला. वेंधळेपणा असता तर बरं होतं.

ऑफिसात त्यांनी दोन दिवस प्रुफांची पानं पुढ्यात घेतली आणि तशीच परत ठेवली. शेजारच्या टेबलावर बसणारी तरुण संपादक बाई होती. ती नेहमी त्यांच्याशी वाद घालायची, की लोक ज्याला जे म्हणतात तेच त्याचं नाव, कागदावरचं नाव फक्त सरकारी पाहुण्यांसाठी. तिनं सहज विचारलं, “साहेब, बरं नाही का?” त्यांना वाटलं, हिला सगळं सांगावं. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. “पान बावीसवर एक वेलांटी चुकलीय,” ते म्हणाले. त्याचीही त्यांना नंतर लाज वाटली.

शेवटी एका दुपारी अर्धी रजा टाकून ते हॉस्पिटलमध्ये गेले.

कपडेखातं तळघरात होतं. वाफेचा आणि गरम कापडाचा वास. एका भिंतीला चादरींचे गठ्ठे छतापर्यंत, दुसऱ्या भिंतीला शिवणयंत्रं. विहीणबाई टोकाच्या मशीनवर होत्या. एक चादर मधोमध विरली होती. ती त्यांनी उभी फाडली होती आणि बाहेरच्या कडा आत घेऊन जोडत होत्या. साहेब दाराशी उभे राहिले. त्यांनी साहेबांना पाहिलं, पण मशीन थांबवलं नाही. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, आणि मग म्हणाल्या, “बसा. तो स्टूल घ्या.”

शेजारच्या मशीनवरची बाई उठून बाहेर गेली.

“मी माफी मागायला आलो,” साहेब म्हणाले.

“घरी सगळे बरे आहेत?”

“हो. म्हणजे... नाहीत. मुलगी बोलत नाही माझ्याशी.”

“माझा मुलगाही बोलत नाही,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एक माहिती दुसरीशेजारी ठेवली, एवढंच.

साहेबांनी वाटेत काय काय पाठ केलं होतं. मला कल्पना नव्हती, ओघात बोलून गेलो, जुन्या सवयीचा माणूस आहे मी. सगळं सोयीचं होतं आणि सगळं खपून गेलं असतं. 

“मला कळलं होतं,” ते म्हणाले. “पाकिटाचं विचारायच्या आधी. तुमच्याकडे बघून कळलं होतं. कळूनसुद्धा विचारलं.”

विहीणबाईंच्या हातात पुढची चादर होती. तिची घडी उलगडायची राहिली.

“मलाही कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कळलंय ते. म्हणूनच तर मी तुमच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, हे शहाणे आहेत. सोडून देतील.”

साहेबांना वाटलं, या तळघराच्याही खाली आणखी एखादं तळघर असावं आणि आपण तिथे असावं. ते मान खाली घालून बसले. फरशीवर दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते, ते बघत.

“का विचारलंत?” विहीणबाईंनी विचारलं.

“माहीत नाही.”

“असं नका म्हणू. एवढं खरं बोललात तर हेही बोला.”

 “मजा येत होती,” साहेब शेवटी म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

विहीणबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर ते सोपं झालं असतं.

“मी हॉलंड कुठून आणलं माहीत आहे?” त्या म्हणाल्या. “पोरगा ताप आला की विचारायचा, बाबा कुठे. समोर दुधाच्या पावडरचा डबा होता, इथूनच मिळालेला. त्याच्यावर पवनचक्की, दोन गायी आणि खाली तो शब्द. म्हटलं, हॉलंडला. दुसरा डबा असता तर दुसरा देश झाला असता. पण पोराला ते इतकं आवडलं! शाळेत सांगायचा, चित्रं काढायचा. मग त्याच्या बापाला मारायचंही मीच ठरवलं. म्हटलं, परत कधी येणार असं विचारत राहील, त्यापेक्षा हे बरं. आणि तुम्ही म्हणता तो देशच नाही.” त्या थोड्या हसल्या. “बरोबरच म्हणालात की.”

“मी मुलाशी बोलतो,” साहेब घाईनं म्हणाले. “काहीतरी सांगतो. लग्नाआधी तुम्ही त्याला सगळं सांगणारच होतात, मला तसं म्हणाला होतात, असं—”

“आता नको,” विहीणबाईंनी त्यांना तोडलं. “तुम्ही खोटं बोललात तर तेही इतकं बिनचूक बोलाल की त्याला लगेच कळेल. मी वीस वर्षं बोलले, मला वळण पडलं होतं. तुमचं काम नव्हे ते.” आणि त्यांनी पाय मशीनच्या पायडलवर ठेवला. “चहा मागवला असता, पण आमचा चहावाला या वेळेला येत नाही.”

म्हणजे आता निघा, हे साहेबांना समजलं. ते उठले.

तिथून ते थेट चष्म्याच्या दुकानात गेले. धीर उद्यापर्यंत टिकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलानं त्यांना पाहिलं, क्षणभर थांबला, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीकडे हात केला. तिथे डोळे तपासायची खुर्ची होती. दुसरी बसायला जागाच नव्हती, म्हणून साहेब त्या खुर्चीत बसले. समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता.

“तुझ्या आईला भेटून आलो,” ते म्हणाले.

“हं.”

“मला त्या दिवशी कळलं होतं. शेवटचं विचारायच्या आधी. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतोय.”

मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. “आईला सांगितलंत?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“त्यांनाही कळलं होतं म्हणाल्या. मी सोडून देईन असं वाटलं होतं त्यांना.”

मुलानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि तो पुसत राहिला. “काका, मला राग कशाचा येतोय माहीत आहे? तिनं खोटं सांगितलं त्याचा येतो, पण तेवढा नाही. तुम्ही बरोबर बोललात त्याचाही नाही. तुम्ही हसलात ना कोपनहेगनला, तेव्हा मीही हसणार होतो. आई चुकली म्हणून. मी तुमच्याबरोबर हसणार होतो. ते जात नाही डोक्यातून.”

 या पोराच्या गळ्यातही साहेबांनीच आपली लाज बांधली होती. तो काहीच चुकला नव्हता, आणि तरी भिंतीला टेकून असा उभा होता जशी चूक त्याची होती.

“तू हसला नाहीस,” ते म्हणाले. “मी बघितलं. तू हसला नाहीस.”

“हसलो असतो.”

“पण नाही हसलास. आईला जाऊन एवढं तरी सांग.”

 बाहेर दार वाजलं, कुणी गिऱ्हाईक आलं होतं. “येतो,” म्हणून मुलगा गेला. साहेब अंधारात बसून राहिले. समोरची अक्षरं त्यांना खालच्या ओळीपर्यंत स्वच्छ दिसत होती.

मुलगा त्या संध्याकाळी आईशी काय बोलला ते साहेबांना कधी कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. एवढं खरं की काही आठवड्यांनी मुलीनं आईला सांगितलं, तारीख ठरली. वडिलांना तिनं वेगळं सांगितलं नाही, पण ते खोलीत असताना सांगितलं.

लग्न साधंच झालं. सरकारी कचेरीत सह्या, आणि मग एका हॉलमध्ये थोडकी माणसं आणि चहा. साहेबांना बायकोनं सकाळी काही बजावलं नाही. बजावलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

हॉलमध्ये विहीणबाईंची एक म्हातारी आत्या होती. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं बोलायची. सगळे चहा घेत असताना ती विहीणबाईंना म्हणाली, “अगं, आज ह्याचा बाप असायला हवा होता. हॉलंडात गेला बिचारा, नाही का? तिकडेच गेला.”

आजूबाजूचं बोलणं थांबलं. ज्यांना ठाऊक होतं ते आधी विहीणबाईंकडे आणि मग साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, बाई हो म्हणू देत. एकदाच हो म्हणू देत, आणि आत्याबाईंचा हॉलंड त्यांच्यापाशी सुखानं राहू दे. ते मनातल्या मनात अक्षरशः विनवत होते.

विहीणबाई वाकल्या, आत्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाही हो आत्या. ते कुठे गेले नव्हते. आम्हाला सोडून गेले होते. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे.”

“काय आहे?”

“टाइल्सचं. फरशांचं दुकान.”

“हां, हां,” आत्या म्हणाली. तिला काय कळलं कुणास ठाऊक. “फरशा महाग झाल्यात हल्ली.”

कुणीतरी हसलं, आणि बोलणं परत सुरू झालं. विहीणबाई ताठ उभ्या होत्या. मुलगा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.  भर माणसांत हे विहीणबाईंच्या तोंडून निघायची वेळ का आली, हे त्या हॉलमध्ये साहेबांइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. त्या खरं बोलल्या होत्या, सगळं बिनचूक बोलल्या होत्या, आणि साहेबांना ते ऐकवत नव्हतं.

ते एक खुर्ची घेऊन गेले. “बसा, विहीणबाई.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “दिवसभर बसूनच काम असतं. उभं राहिलं की बरं वाटतं.” आणि हसल्या, पाहुण्याकडे बघून हसतात तशा. साहेब खुर्ची धरून थोडा वेळ उभे राहिले, मग ती परत ठेवून आले.

निघताना मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. वडिलांपाशी आली तेव्हा डोळे पुसून आली. तिनं त्यांच्या कॉलरवरचा दोरा काढला.

“रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्या, बाबा,” ती म्हणाली.

“घेतो.”

“आईला आठवण करून द्यायला लावू नका.”

“नाही लावणार.”

ती आणखी काही बोलेल म्हणून ते थांबले. ती वळली आणि नवऱ्याबरोबर जिना उतरून गेली. हॉल तासाभरात रिकामा करून द्यायचा होता. बायको पाहुण्यांना पोचवायला खाली गेली होती. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, आणि टेबलांवरचे उष्टे कप एकेक करून उचलायला लागले.